दोन सूत

मानवतला जिनिंगच्या मागं गाडी लावली.
ह्यांना चहा हवा होता.
उतरले, दार लोटलं धाडकन,
मी आत राहिले.

ट्रॅव्हलर होती, तिचं आम्ही घर केलं.
दोन बर्थ, ओटा, पाण्याची टाकी, फडताळ.
फडताळ ड्रायव्हरच्या पाठीशी नको, म्हटलं होतं मी,
पुढं जायची वाट बुजेल.
"वाट कशाला? दार आहे की."
आता दार होतं.
नुसतं होतं.

ह्यांनी बाहेरून रिमोट दाबला सतरांदा.
दर वेळी दारात काहीतरी जागं व्हायचं,
कूस बदलून परत झोपायचं.
"मोटार गेली," काचेला तोंड लावून हे म्हणाले.
मग, "फ्यूज."
मग, "माल हलका लावलाय."
मग मला, "तू ओढलंस का नीट?"

रस्त्यापलीकडून खाजाभाई आले,
मागं त्यांची शिफा, सहावीतली,
हातात दहाचा पाना आणि टॉर्च.
खाजाभाईंनी हत्यार काढलं नाही.
दाराला कान लावला.
"ताई, आतून हँडल ओढा. काय वाजायलंय?"
"टक," हे म्हणाले.
"साहेब, आत कोन हाय?"
हे दोन पावलं मागं सरले.

मी ओढलं. पुन्हा ओढलं.
"टिक होतंय," म्हटलं, "टक होत नाही.
आणि टिकच्या मागनं घासतंय काहीतरी,
खालच्या अंगाला."
"मग मोटार शाबूत हाय. केबल शाबूत हाय.
कुलूप सुटायला बघायलंय, ताई,
दारच त्याला सुटू देईना."

शिफा गाडीखाली सरपटली, दातात टॉर्च.
"अब्बा, इधर रुई भरेली है."
चिमट्यानं ओढत राहिली ती,
ग्रीसनं काळा झालेला कापूस,
चातीवर गुंडाळावा तसा रोलरला वेढलेला.
वर्षभर आम्ही सरकीच्या गाड्यांमागून फिरलो,
नांदेड, परभणी, पाथरी,
आणि हा गोळा करत होता.
रोलर फिरायचा कधीच थांबला होता.
फरफटत होता,
एका बाजूनं झिजून सपाट.

"दार खचलंय."
"किती?" हे.
खाजाभाईंनी अंगठ्याचं नख दाखवलं.
"दोन सूत. पण अख्ख्या दाराचं वजन
कुलपाच्या जिभेवर आलंय.
सोडावं कसं त्यानं?
त्याला वाटतंय, सोडलं की पडंल."

आत गरम होत होतं.
मी बर्थवर बसले जरा.
सिंकमध्ये सकाळचे दोन कप होते,
एक माझा, धुतलेला.

बाहेर फळकुट आलं, पहार आली.
पहार ह्यांच्या हातात दिली.
"उचला, साहेब. हळू. अजून थोडं.
बास! जास्त नको, वरचा रूळ वाकंल.
धरा तसंच.
हां, ताई."

टक.

हाताला कळायच्या आत दार सरकलं.
ऊन आलं,
उन्हात उडणारी रुई आली,
पहार छातीशी धरून उभे हे,
कपाळावर घाम, मिशीत कापूस.
मी उतरले नाही लगेच.
दार लावलं, उघडलं, लावलं.
"अगं, काय करतेस?"
"ऐकतेय."

दुपारपर्यंत खाजाभाईंनी लेथवर
नायलॉनचं चाक कातून आणलं.
"कुलूपही नवं टाका," हे म्हणाले.
"चांगल्या कुलपाला कामून हात लावता?"
तीनशे घेतले.
झिजलेला रोलर शिफानं मागून घेतला,
कशाला, ते सांगितलं नाही.

चाक नवं आहे, गरज नाही आता,
तरी दार लोटण्याआधी
हे हँडलखाली हात घालतात,
जरासं उचलतात.
मी सांगत नाही काही.

फडताळ अजून जागच्या जागी आहे.
सेलूला एक सुतार आहे म्हणे.
विचारू, म्हणतात.